अंजनाबाईंचे दोन रिपोर्ट

नागपुरात धंतोलीतल्या एका तपासणी लॅबमध्ये विश्वनाथराव संगणक सांभाळत. रिपोर्टवर डॉक्टरांची सही झाली, की त्या फाइलचा ठसा संगणक जपून ठेवी. नंतर कुणी त्यातलं एक अक्षर जरी बदललं, तरी ठसा जुळत नसे आणि सकाळी पडद्यावर लाल ओळ उमटे. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघे.

त्या दिवशी लाल ओळीत नाव होतं अंजनाबाईंचं. रिपोर्ट टाइप करणाऱ्या प्रीतमची आई. विश्वनाथरावांची बायको गेल्यापासून त्यांची दुपारची भाजी अंजनाबाईंच्याच हातची येई. त्यांनी मूळ फाइल उघडली. तिच्यात कॅन्सर होता. बदललेलीत नव्हता.

त्यांनी प्रीतमला गाठलं. "काहून केलंस गा हे?"

प्रीतमनं मान वर केली नाही. "काका, दसऱ्याले दीक्षाभूमीवर येनाऱ्या लोकायले आई दरसाल जेवू घालते. यंदाही घालू द्या तिले. डॉक्टरले खरं माहीत आहे. इलाज दसऱ्यानंतरच सुरू होनार आहे."

"आणि मालकानं ही ओळ पाहिली तर? घरी बसशील."

प्रीतमच्या हातून बदललेला छापील कागद आईकडे कधीच पोचला होता. आता फाइल तेवढी पूर्ववत केली, की पोराची नोकरी वाचेल आणि आईचा दसराही, असा विश्वनाथरावांनी हिशेब केला. मूळ फाइल परत आणली. ओळ हिरवी झाली.

फाइल दुरुस्त झाली, की नवा रिपोर्ट रुग्णाच्या मोबाईलवर आपोआप जातो. ही सोय त्यांनीच बसवली होती. घाईत ती बंद करायची राहून गेली.

दुपारी अंजनाबाईंचा फोन आला.

"विश्वनाथभाऊ, तुमची मशीन बिघडली का जी? कागदात कॅन्सर नाही म्हने, मोबाईलमंदी आहे म्हने. खरा कोनचा?"

मशीन बिघडली म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवरही आले होते.

"मोबाईलवरचा," ते म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"बरं. प्रीतमले सांगू नोका मले समजलं म्हून. लेकरू दसऱ्याची वाट पाहून राहिलं."

दसऱ्याला ती मोठ्या पातेल्यातून वांग्याची भाजी वाढत होती. प्रीतम पत्रावळ्या मांडत होता, मधूनच आईकडे पाहून हसत होता. तीही हसली. विश्वनाथराव पंगतीत बसले. भाजीत मीठच नव्हतं. त्यांनी पुन्हा मागून घेतली.