गुलाबी पाण्याचा हौद

मंगळवारी दुपारी ताई गेली. फोन तिच्या भावाने केला. मी वाचत होते. पुस्तक मिटलं.

ताई म्हणजे आमच्या चर्चच्या तरुण संघाची ताई. दवाखान्यात नर्स होती आणि दर मे महिन्यात रजा काढून आमचं शिबिर घ्यायची. तिच्याबद्दल लिहायला बसले की मला आधी हौद आठवतो आणि हसू येतं. तिला ते चाललं असतं.

माझी नववी संपली होती. रविवारी माझ्यासह सहा जणांचा बाप्तिस्मा होणार होता. सांगोल्याहून आत्या यायची होती, पांढरा कुर्ता शिवून झाला होता. शनिवारी सकाळी टँकर मागवून चर्चमागचा बाप्तिस्म्याचा हौद काठोकाठ भरला.

शिबिरात दुपारी दोन ते तीन ‘शांत वेळ’ असायची. प्रत्येकाने एकेक कोपरा धरून बायबल वाचायचं, मनन करायचं. पत्र्याच्या हॉलमध्ये मनन फक्त पंख्याचं व्हायचं. मी गुपचूप हौदाच्या काठावर गेले, बायबलखाली लपवलेली रहस्यकथा काढली आणि पाय पाण्यात सोडले.

“ए पुस्तकी,” मागून तबलजी म्हणाला. आमच्या गाण्यांना तबला वाजवणारा हा माझ्याच वर्गातला, उद्याच्या यादीतलाच. “पवित्र पाणी हाय की ते.”

“उद्या होणार पवित्र. आज टँकरचं आहे.”

त्याला हे पटलं. इतकं पटलं, की तो कपड्यांसकट आत उतरला आणि माझ्या पुस्तकावर पाणी उडवलं. त्याला ओढणीने फटका मारायला मी वाकले आणि ओढणीसकट सरळ आत पडले. पाच मिनिटांत यादीतले उरलेले चौघेही पाण्यात होते.

माझी ओढणी नवी होती, लालभडक, एकदाही न धुतलेली. आम्ही बाहेर निघालो तेव्हा हौद गुलाबी झाला होता.

ओढणी पिळून मी हॉलमधल्या बाजाच्या पेटीच्या खोक्यामागे कोंबली. पण आमचं अंग वाळायच्या आतच चर्चचे पाळकसाहेब पाणी बघायला आले. बराच वेळ बघत राहिले.

“हे काय आहे?”

“चमत्कार, साहेब,” तबलजी म्हणाला. “बायबलातल्या त्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तसला. जरा फिका झालाय.”

आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. हसू दाबायला तीच जागा सोयीची होती.

“जो कोणी उतरला असेल, त्याचं नाव उद्याच्या यादीतून काढणार,” साहेब म्हणाले.

हसू गेलं. आत्या निघालीसुद्धा असेल. मी सांगून टाकायला तोंड उघडलं, तेवढ्यात हॉलच्या दारातून ताई म्हणाली, “मी उतरले होते.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती कोरडी ठणठणीत होती. आमच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

“तू?”

“शांत वेळ होती ना, शांतपणे उतरले. काढा की माझं नाव. पण मला बाप्तिस्मा तुम्हीच कधीचा दिलाय, साहेब. आता कशातून काढणार?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. गरजेपेक्षा जास्त पुसला. “दुसरा टँकर सोमवारशिवाय येणार नाही,” एवढंच म्हणाले आणि गेले.

रविवारी आम्ही सहाही जण त्याच पाण्यात उतरलो. मुलींचा हात धरायला ताई आत उभी होती. पांढरे गेलो आणि फिकट गुलाबी होऊन वर आलो. ओल्या कुर्त्यासकट मला जवळ घेत आत्या म्हणाली, “एवढ्या पाण्यावर आमची डाळिंबं लई दिवस जगली असती.”

संध्याकाळी ताईने वाळवून घडी घातलेली ओढणी माझ्या हातात ठेवली.

“नवं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं असतं,” ती म्हणाली. “तुझ्या पुस्तकांत नसतं ते.”

मी मान हलवली. बाकीचं नंतर बोलू म्हटलं. मग दहावी आली, पुढे पुण्यात शिक्षण, नोकरी. सुट्टीत भेटलो की ती ओठ मुडपून माझ्या ओढणीकडे बघायची आणि विचारायची, “भिजवलीस?” मी हसायचे.

तिला थँक्यू म्हणायचं राहिलं. कुर्ता माझ्याकडे आहे. तो अजून गुलाबी आहे.