पान सत्तेचाळीसवरचे आबा

कामशेतच्या एका शाळेत माझ्या पुस्तकाचा कार्यक्रम होता. नायिकेच्या दिवंगत वडिलांना श्रद्धांजली म्हणून मुख्याध्यापकांनी सगळ्यांना उभं केलं. शेवटच्या रांगेत एक म्हातारा टोपी काढून, डोळे मिटून, सगळ्यांत ताठ उभा होता. कार्यक्रम संपल्यावर तो पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "रामराम सर. मी पान सत्तेचाळीसवरचा. मेलेला."

ते आंदर मावळातले गेनूआबा.

मी मुलांसाठी जिद्दीची पुस्तकं लिहितो. आधी संकटं, मग अश्रू, शेवटी यश. आबांची मुलगी सुनंदा डोंगर तुडवत शाळेत गेली आणि नर्स झाली, म्हणून मी तिच्यावर पुस्तक केलं. अंगणात बसून तिनं मला सांगितलं होतं, "वढा वलांडून दिला की आबा गेलं. मग शाळंपत्तूर मी एकलीच." आबा गेलं म्हणजे दुधाची किटली घेऊन कामशेतला गेलं. मी वहीत लिहिलं, 'वडील वारले.' मरणाला कारण हवं, म्हणून साप मी पदरचा घातला.

एवढीच चूक असती तर मला झोप लागली असती. पण छपाईआधी मी पाठवलेली पानं वाचून सुनंदाचा फोन आला. "सर, आबा जित्तं हायेत की! हे काय, भाकर खात्यात." मी म्हणालो, दुरुस्त करतो. केलं नाही. त्याच प्रकरणानं प्रकाशकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जिवंत बाप मला अडचणीचा होता. सुनंदानं पुन्हा कधी विचारलं नाही, ते जास्त बोचतं.

मेल्याबद्दल आबा रागावले नव्हते. त्यांची तक्रार तपशिलाची होती. "हिरवा साप चावला लिवलंय. सर, हिरव्या सापानं मानूस सुजतो, मरत न्हाई. नाग तरी घालायचा! लोकं हसत्यात मला." हे ते हसत सांगत. दुसरं सांगताना मात्र उजवा खांदा चोळत. "आन् वढा तिनं एकलीनं वलांडला व्हय? मग माझ्या खांद्यावर कोन हुतं? धोंडा?"

गावानं त्यांचं मरण मनावर घेतलं. जीपवाला हाक मारी, "कैलासवासी, म्होरं या! मयताला खिडकी!" आबा ऐटीत खिडकीशी बसत. एकदा पुस्तक वाचलेल्या शाळेची सहल त्यांच्या घरी आली. एका मुलीनं त्यांच्या बायकोला विचारलं, "मावशी, तुम्ही कुंकू कसं लावता?" मावशी म्हणाल्या, "ह्ये बसलंय की समोर, त्येलाच इचार!"

अपराध थोडा हलका व्हावा म्हणून मी आबांना कार्यक्रमांना नेऊ लागलो. लोणावळ्याच्या एका शाळेत एका मुलीनं त्यांना चिमटा काढून पाहिला आणि विचारलं, "आबा, मेल्यावर भूक लागते?"

"लय. तुजा डबा काढ."

परतताना मात्र ते दर वेळी म्हणायचे, "सर, मारलंत त्ये मारलंत. पन वढ्यात तेवढं मला जित्तं करा."

"पुढच्या आवृत्तीत, आबा," मी तीन वर्षं म्हणत राहिलो. मुखपृष्ठावर सुनंदा एकटीच ओढा ओलांडत होती. आबांना आत घेतलं, तर मुखपृष्ठ बुडत होतं.

मागच्या हिवाळ्यात आबा बसल्या जागी खरोखरच गेले. जीपवाल्यानं गावोगाव निरोप दिला, तर लोक विचारत, "आता कितव्यांदा?"

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. आईला सांभाळीन, सुनंदा म्हणाली. भावकीनं शेताचं वचन दिलं, म्हशीचंही दिलं. कावळा हलेना. शेवटी मावशी माझ्याकडे वळल्या. "सर, पुस्तकाचं बोला."

सगळ्या गावासमोर मी हात जोडले. "आबा, नव्या आवृत्तीत तुम्ही जिवंत असाल."

एका कावळ्यानं मान तिरपी केली. उतरला नाही.

मग मी सगळंच सांगितलं. सुनंदाचा फोन आला होता, मला ठाऊक होतं, तरीही मी तुम्हाला मारलं. "आणि ओढ्यात ती तुमच्या खांद्यावर असेल, आबा. मुखपृष्ठावरसुद्धा."

कावळा उतरला.

"सही घेतली म्हाताऱ्यानं," मागून जीपवाला म्हणाला.

नवी आवृत्ती आली. मुखपृष्ठावर आता पाण्यात आबा आहेत आणि त्यांच्या खांद्यावर, दप्तर डोक्यावर धरून, सुनंदा. साप काढून टाकला; त्याजागी किटली घेऊन कामशेतला जाणारे आबा आले. प्रकाशक म्हणतो, आता तेवढं रडू येत नाही.

शाळेत मुलं विचारतात, "सर, आबा आता कुठं असतात?"

माझ्या तोंडून सुनंदाचेच शब्द येतात. "आबा गेलं."

"कुठं? कामशेतला?"

"व्हय," मी म्हणतो. "ओढा ओलांडून देऊन."