शेंदराखालची गाडी

माझ्या थोरल्या बहिणीच्या गोठ्यात दोन म्हशी, एक कडबाकुट्टी आणि एक मोटारगाडी आहे. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी हाफ चड्डीतला होतो. वरात सासरच्या दारात आली तेव्हा सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि मी गोठ्यातल्या या गाडीकडे. पुढे आळेफाट्याला गॅरेज टाकलं, उभी हयात ट्रकांखाली उताणा पडून काढली, पण पारगावला अक्काकडे गेलो की आधी गोठ्यात डोकावायचो आणि चिडूनच घरात शिरायचो. कारण ही गाडी कुठल्या कंपनीची, हे मला सांगता येत नव्हतं.

बाकी कुठलीही गाडी सांगा, आवाजावरून ओळखतो. हिचा आवाज आमच्यापैकी कोणी ऐकलेलाच नव्हता आणि हिच्या नाकावर नाव नव्हतं. मागे नाही, चाकांच्या टोप्यांवर नाही, काचेवर नाही. पत्र्याला लोहचुंबक लावावं तर चिकटत नाही, म्हणजे अॅल्युमिनियम. इंजिनाचे सिलिंडर उभे नाहीत, समोरासमोर आडवे झोपलेले. आणि दरवाजे! पुढचा डावा आणि मागचा उजवा एकाच साच्यातले. असं कोण करतं? गावात सगळ्यांचं ठरलेलं होतं की अक्काच्या सासऱ्यांनी भंगारातून आणून हे ठिगळकाम केलं असणार. मला ते पटायचं नाही. नटांना आपले पाने लागत नव्हते, मिलिमीटरचे नाहीत आणि साधे इंचाचेही नाहीत. ते जुने विलायती आटे होते, आणि भंगारातून जमवलेल्या गाडीत एकूण एक नट त्याच जातीचा कसा निघेल? बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना माणूस आधी दात बघतो, मग धन्याचं बोलणं ऐकतो. मी या गाडीचे दात पाहिले होते. ती विलायतेचीच होती, फक्त कुणाची ते कळत नव्हतं.

सासऱ्यांची गोष्ट अशी. ते साहेब लोकांचे ड्रायव्हर. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी दोन गोरे ही गाडी घेऊन आले. आपल्याकडच्या उन्हात आणि घाटात ती टिकते का, ते त्यांना बघायचं होतं. सासरे त्यांच्याबरोबर रोज घाट चढायचे, उतरायचे. एकदा चंदनापुरीच्या घाटात गाडी जी तापून बसली ती काही केल्या हलेना. साहेब नकाशे काढून बसले. सासरे गेले रस्त्याकडेच्या म्हसोबाला. नारळ ठेवला, हात जोडले आणि देवाच्या अंगावरचा शेंदूर अंगठ्याला घेऊन आले, तो बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्याला लावला. गाडी चालू झाली. तोवर ती निवली असणार, हे मी मेस्त्री म्हणून सांगतो. पण अक्काच्या घरात असं म्हणायची सोय नाही.

मग एक दिवस इंजिन कायमचं जाम झालं आणि गाडी ओढून सासऱ्यांच्या गोठ्यात आणून ठेवली. साहेब निघाले आणि जाताना सासऱ्यांना म्हणाले, आम्ही येऊ, तोवर सांभाळ. ते कधी आले नाहीत. सासऱ्यांनी मात्र गाडी सांभाळली. दर दसऱ्याला धुवायची, झेंडूची माळ घालायची आणि इंजिनामागच्या त्या पत्र्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. ते थकले तेव्हा त्यांनी सुनेला बोलावून सांगितलं, साहेब येतील, गाडी कोणाला द्यायची नाही. म्हसोबाला आमच्याकडे बायका हात लावत नाहीत. पण गाडी घरची, त्यामुळे शेंदूर अक्काकडे आला. तो तिने एकाही दसऱ्याला चुकवला नाही. वर्षानुवर्षांचे थर चढून तिथं नारळाएवढा शेंदरी उंचवटा झाला होता. बॉनेट केव्हाच पाण्याच्या हौदाचं झाकण झालं होतं, त्यामुळे गोठ्यात शिरलं की समोर तो देवच दिसायचा.

गेल्या साली माझ्या भाच्याने, म्हणजे अक्काच्या मुलाने, गोठा पाडून ट्रॅक्टरसाठी शेड घालायचं काढलं. तो चाकणच्या कंपनीत आहे, शिफ्ट संपली की शेती बघतो. पोरगा सरळ आहे, पण त्याला जागा हवी होती. मला म्हणाला, "मामा, तुमी एकदा नक्की सांगा. ठिगळ असंल तर भंगारात देतो. खरंच काय असंल तर पुण्यात जुन्या गाड्या घेणारा एकजण हाय, त्याला देतो." म्हणजे दोन्हीकडून गाडी जाणारच होती. अक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. उठून बाहेर आली आणि मलाच बोलली, "तू नको सांगूस काय ते. न्हाई कळलं तर बरंय." मी बरं म्हणालो. पण खोटं कशाला बोलू, मला कळून घ्यायचंच होतं. एवढ्या वर्षांची खाज होती ती.

मी भाच्याकडूनच गाडीचे फोटो काढून घेतले आणि जुन्या विलायती गाड्यांच्या एका ग्रुपवर टाकायला लावले. पहिल्यांदा नुसती टिंगल झाली. एकाने लिहिलं, ही गाडी नाही, म्हशीची आंघोळीची टाकी आहे. भाचा वाचून दाखवायचा आणि मी इकडे शिव्या घालायचो. मग एका रात्री एक उत्तर आलं. इंग्लंडमधले कोणी गोरे आजोबा, नव्वदीला टेकलेले. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. फक्त लिहिलं, पुढचा डावा दरवाजा काढून मागे उजव्या बाजूला बसवून बघा.

आम्ही बसवून बघितला. म्हशी लांब बांधल्या, बिजागऱ्यांत तेल सोडलं. दरवाजा असा बसला की फट शोधावी लागली. मी तिथेच शेणात मटकन बसलो आणि मोठ्याने हसलो.

आजोबांचं म्हणणं असं की त्यांचे वडील एका छोट्या मोटार कंपनीत कारागीर होते. साच्यांचा खर्च वाचावा म्हणून दोनच साच्यांत चार दरवाजांची गाडी त्यांनी केली. नमुना म्हणून मोजक्या गाड्या हाताने बनवल्या. नावं लावायची वेळ यायच्या आधीच कंपनी बुडाली आणि त्या सगळ्या मोडीत निघाल्या. एक मात्र हिंदुस्थानात पाठवली होती, तिचं काय झालं ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं जुळत होतं. तरी एक खूण हवी होती. प्रत्येक नमुन्यावर त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने अक्षरं ठोकलेली एक पट्टी बसवली होती. कुठे? इंजिनामागच्या पत्र्यावर.

म्हणजे नेमकी त्या शेंदराखाली.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला, एवढंच माझ्याकडून घडलं. अक्का माझ्या आणि गाडीच्या मधे येऊन उभी राहिली. "खरवडायचं न्हाई. देव आपल्या मनानं कवच सोडत असतो. आपण ओरबाडायचं नसतंय." मी म्हणालो, अक्का, तो देव नाही, इंजिनाची भिंत आहे. ती म्हणाली, "मग दहावीला हितं ऱ्हायला व्हतास, तवा परीक्षेला निघताना त्याच भिंतीपुढं हात कोण जोडायचं?" भाचा खाली बघून हसू दाबायला लागला. मी रागाने मोटारसायकलला किक मारली आणि मंचरपर्यंत तणतणत गेलो. तिथं चहा पिताना राग ओसरला, कारण हात खरोखरच मी जोडायचो, आणि पासही झालो होतो.

अक्का कशाला भीत होती, ते मला त्या चहावर उमगलं. पट्टी निघाली तर गाडी साहेबांची ठरणार. साहेब आले की द्यायची, असाच सासऱ्यांचा शब्द होता. निघाली नाही तर मुलगा भंगारात घालणार. बाईने सांभाळायचं तेवढं सांभाळलं होतं आणि आता तिच्या हातात काही उरत नव्हतं.

नंतर काय झालं की आजोबांनी एक फोटो पाठवला. कारखान्याच्या दारात हीच गाडी आणि तिच्या मडगार्डवर हात ठेवून उभा एक बारकासा माणूस, अंगात तेलकट डगला. भाच्याने तो अक्काला दाखवला. तिने फोन लांब धरून बराच वेळ बघितला. मग मलाच विचारलं, "ह्यो त्याचा बाप?" मी हो म्हणालो. "बापाच्या हातची वस्तू हाय म्हन की." एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली. सकाळी मला तिचाच फोन, "ये. कौल लावते."

कौल लावणं आमच्याकडे कोर्टापेक्षा वरचं. अक्काने आंघोळ करून गाडीपुढे उदबत्ती लावली. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून शेंदरावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "कवच काढू का?" असं तिने विचारलं आणि डोळे मिटले. आम्ही उभे. पाकळ्या काही हलेनात. म्हशी रवंथ करत होत्या. माझ्यासारख्या माणसाला असं उभं राहणं म्हणजे शिक्षाच. मी मडगार्डवर टेकलो होतो. जरा जोर दिला असता तर गाडी हलली असती, हे मनात येऊन गेलं, नाही असं नाही. मी हात काढून घेतला आणि खिशात घातला. आणि उजवी पाकळी सुटली, घरंगळली, खाली पडली.

मग मला कोणी पुढे होऊ दिलं नाही. अक्कानेच तिळाचं तेल कोमट केलं, कडेकडेने सोडलं, बोटांनी दाबत राहिली, आणि दुपार कलताना तो सगळा उंचवटा नारळाच्या वाटीसारखा अख्खा तिच्या ओंजळीत आला. आतल्या बाजूला अक्षरांचे उलटे ठसे उमटले होते. आणि पत्र्यावर पितळेची पट्टी. बाकी गाडीचा सांगाडा गंजाने नि पत्रा चिमण्यांच्या घाणीने पार खाल्ला होता, पण ही पट्टी काल ठोकल्यासारखी चकचकीत. इतक्या वर्षांच्या तेलाने आणि शेंदराने तिला वारासुद्धा लागू दिला नव्हता.

अक्षरं इंग्रजी होती. भाचा वाकला आणि त्याने ती मनाशी वाचली. अक्का म्हणाली, "वाच की."

"प्रयोगाची गाडी," तो म्हणाला. "विकायची नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काच्या आलं नाही. ती नुसती मान हलवत राहिली. "बघ. मी लावत व्हते तवापासून ती ह्येच सांगती हाय."

भाच्याने आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर पांढरे केस, जाड चष्मा, मागे खिडकीत पाऊस. भाच्याने फोन पट्टीजवळ धरला. आजोबा चष्मा काढून अगदी कॅमेऱ्याला चिकटले. त्यांनी वडिलांचा हात ओळखला, एक अक्षर वाकडं पडायचं म्हणे त्यांचं. मग त्यांनी विचारलं की पट्टी अशी राहिली कशी. भाच्याने त्याला जमेल तसा शेंदूर समजावला. अक्का मधेच म्हणाली, "त्याला इचार, न्यायला येणार का?"

भाच्याने विचारलं. आजोबा हसले. म्हणाले, मला आता घराचा जिना उतरवत नाही. कंपनी राहिली नाही, माझे वडील राहिले नाहीत, जिने सांभाळली तिच्याकडेच ती शोभते. आणि तो लाल लेप थांबवू नका.

भाच्याने आईला ते मराठीत सांगितलं. 

"त्याला सांग," अक्का म्हणाली, "सासरं म्हनायचं, साहेब येतील. आलात. लई उशीर केलात, पर आलात."

मग तिने वाटीतला ताजा शेंदूर अंगठ्याला घेतला. पट्टीच्या खाली, अक्षरं झाकणार नाहीत अशा बेताने, एक रेघ ओढली. अंगठ्यावर थोडा उरला होता, तो तिने फोनच्या काचेवर लावला, बरोबर त्या म्हाताऱ्याच्या कपाळावर.

ट्रॅक्टरचं शेड आता विहिरीकडे झालं आहे. भाचा फोन रोज कामावर नेतो, आणि त्याच्या काचेवरचा तो टिळा जाईपर्यंत त्याने पुसला नाही.