डिव्हायडरपर्यंत उजवीकडं

आप्पांना राँग साइडनं आलेल्या बाइकनं उडवलं. आज सकाळी. जागेवरच गेले.

दोनदा वाचून पोस्ट करतोय, तरी काही चुकलं तर समजून घ्या.

आप्पा आमच्या शेजारचे. आयुष्यभर सोलापूर रोडवर मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, चर मोकळे करायचे, कडेच्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारायचे.

तेव्हा रस्ता एकच. येणारं-जाणारं सगळं त्याच्यावरच.

मग झाडं गेली. चार लेन झाल्या. मध्ये डिव्हायडर आला. आमची वस्ती अलीकडं राहिली आणि शाळा पलीकडं.

घरोघरी सगळे घाबरले होते. आप्पा रोज आम्हा पोरांना घेऊन कडेला उभे राहायचे.

"डिव्हायडरपत्तुर उजवीकडं बघायचं. तिथनं पुढं डावीकडं. म्हना!"

आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो.

आज ते उजवीकडंच बघत होते. टपरीवाल्यानं स्वतः पाहिलं.

बाइक डावीकडून आली.

चालवणारा आपल्याच गावचा. नाव लिहीत नाही.

कारण त्याच्या जागी माझंही नाव असू शकलं असतं.

कुरकुंभला कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाताना मी रोज त्याच पट्ट्यातून उलटा जातो. नियमानं जायचं तर पुलाखालून चार किलोमीटरचा वळसा.

मागच्या आठवड्यात आप्पांनी मला अडवलं होतं.

"काय रं, उलटा कुठं निघालास?"

"आप्पा, वळसा लई लांब हाय. लेट मार्क लागतो."

"रस्ता एवढा रुंद केला, तरी तुमाला टाइम पुरंना व्हय? आमच्या येळंला गाडी कुठनं येती त्ये म्हशीलाबी ठावं असायचं!"

मी हसलो. गिअर टाकला. गेलो, उलटाच.

दुपारी अंत्यविधी उरकून निघालो, तर पुढच्या तीन बाइक राँग साइडलाच घुसल्या. आप्पांना खांदा देऊन आलेली माणसं!

माझ्या मागं बसलेले पाहुणे म्हणाले, "चल की, जवळ पडतंय."

आणि माझंही हँडल तिकडंच वळलं होतं. खरं सांगतो. हात आपोआप वळला.

गाडी बंद केली. पाहुण्यांना उतरवलं. कडेच्या मातीतून ढकलत घरी आणली.

उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. पुलाखालून जाणार. लेट मार्क लागू दे.

आप्पा, माफ करा.

तुमच्या हाताखाली रस्ता ओलांडायला शिकलेल्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.