पाय टेका आधी

"पाय टेका आधी. पुढचं मी बघते." खाटेजवळ दोन्ही चपला बाथरूमकडे तोंड करून ठेवायच्या आणि हे म्हणायचं, ही मावशींची रोजची पद्धत.

ताथवड्यातल्या ज्या केअर सेंटरमध्ये माझे काका आहेत, तिथे त्या कामाला होत्या. लातूरकडच्या. काकांचं आयुष्य कंपनीत लेथ मशीनवर गेलं. अर्धांगवायूनंतर त्यांचं स्वतःचं असं एकच काम उरलं होतं, संडासला आपल्या पायांनी जाणं. बारा पावलं. मावशी कोपराखाली नुसता तळवा ठेवून बाजूने चालायच्या. काका मध्येच भिंतीला टेकले की म्हणायच्या, "थांबा बाबा, मशीन गरम झालंय." काका हसायचे. तिथे मी ऐकलेलं तेवढंच हसू.

तुम्हीही अशी ठिकाणं पाहिली असतील. बाहेर कुंड्या, आत फिनेलचा वास, आणि सरसकट सगळ्यांना डायपर. कारण वीस खाटांना मावश्या दोन. मॅनेजर माझ्यादेखत त्यांना म्हणाला होता, "डायपर लावलाय ना? मग उठवता कशाला?"

मावशींनी वाकून चपला सरळ केल्या.

माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांच्या गेटवर उभं राहून वाटलं. माणसं कमी ठेवायची आणि म्हाताऱ्यांना खाटेला खिळवायचं, हा गुन्हा आहे, असं ठणकावलं. त्यातला एक शब्द आजही मागे घेणार नाही. सेंटरचं नाव गाळलं, मावशींचंही गाळलं. आणि मथळा दिला, 'पाय टेका आधी'. शहाणी मी. ते वाक्य तिथल्या स्वयंपाकिणीलाही पाठ होतं.

मॅनेजरने मावशींना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

मी त्यांच्या खोलीवर गेले. शिव्या खायची तयारी होती. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. "ताई, मला इचारलं असतं, तर लिहायला दुसरं काई सांगितलं असतं," एवढंच म्हणाल्या. मग हात थांबला. "बाबा उठतेत का?"

"उठतात," मी म्हटलं. आयुष्यभर खरं बोला म्हणून लोकांच्या मागे लागलेली मी.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गेले. काकांच्या चपला खाटेखाली पार भिंतीपर्यंत सरकलेल्या, वर धूळ. मी त्या ओढून काढल्या, पुसल्या, बाथरूमकडे तोंड करून ठेवल्या.

"पाय टेका आधी," म्हटलं.

काकांनी चपलांकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून, खोलीच्या दाराकडे बघत राहिले.