बंद खोलीत आईपर्यंत

देवीवर माझा कितीतरी वर्षं राग होता, हे आधी कबूल करते. घरात नवरात्र बसायचं, माळ चढायची, मी हात जोडायची. पण मन कोरडं असायचं. जिनं माझ्या बहिणीला वाचवलं नाही, तिच्यापुढे काय मागायचं, असं वाटायचं.

माझं माहेर शेळगाव. आमच्या अंगणात जोंधळ्याचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड. पेव उघडलं की आत कोंडलेली वाफ दिवसभर जाऊ द्यायची, मगच माणूस उतरवायचा, असा शिरस्ता. एके दिवशी अचानक पाहुणे आले आणि घरात दळायला दाणा नव्हता. आईनं मला आणि धाकट्या गोदीला आत उतरवलं. मी दहा वर्षांची, ती सात. दोन पाट्या भरून वर दिल्या आणि गोदी खाली बसली. "आक्के, मला झोप येतीया," म्हणाली. माझंही डोकं गरगरू लागलं. मी ओरडले, चुलत्यांनी दोर सोडला. पण एका हातानं दोर धरून वर जाता येईना, आणि दुसऱ्या हातात गोदीचा हात होता. तो मी सोडला.

मला वर काढलं तेव्हा श्वास चालू होता. गोदीला काढलं तेव्हा नव्हता.

त्या दिवसापासून चार भिंती माझ्या वैरी झाल्या. दाराला कडी लागली की छाती आवळायची, घाम सुटायचा, आपण आता मरणार असंच वाटायचं. लग्न होऊन पिंपळीला आले, तर थंडीतही ओट्यावर निजायची. बाळंतपणाला अंधाऱ्या खोलीत जाईना, म्हणून सुईणीनं पडवीत पडदा लावला. पुढे वर्षभर गावात त्याचीच चर्चा. कुणी म्हणालं नाटकं, कुणी म्हणालं बाहेरची बाधा. देवळात गेले तरी गाभाऱ्याच्या बुटक्या दाराशी पाय थबकायचे. आईनं मात्र त्या दिवसाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. मला वाटायचं, ती मनातून मलाच दोषी धरते. म्हणून मी माहेरीही फारशी गेले नाही.

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली असतील, तेव्हा आई फार आजारी असल्याचा निरोप आला. बारामतीहून इंदापूरकडे एस.टी. जायची, पण त्या दाटीत मी चढणं शक्य नव्हतं. मालकांनी मुकाट्यानं बैलगाडी जुंपली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढताना पोचलो. आईच्या फुफ्फुसाला सूज होती. वारा लागू द्यायचा नाही, असं वैद्यांनी बजावल्यामुळे माजघराच्या खिडकीला पोतं ठोकलं होतं आणि दार लोटून घेतलं होतं. आतून शेगडीचा धूर येत होता. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. तीनदा गेले, तीनदा फिरले.

वहिनी बाहेर आली. डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, त्या सारखं तुमचंच नाव घ्यायल्यात. जरा आत या की."

"यायचं हाय गं. पाय उचलंना," एवढंच मी म्हणू शकले. ओट्यावर बसून मी रडले. आई दहा हातांवर होती आणि मला तिच्याजवळ जाता येत नव्हतं. त्या दिवशी कित्येक वर्षांनी देवीला मनापासून हाक मारली. म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही, तूच काय ते बघ.

थोड्या वेळानं दारात एक म्हातारी आराधीण उभी राहिली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर हळद-कुंकू. दोन्ही डोळे पांढरे. काठीनं चाचपत आली आणि जोगवा मागून म्हणाली, "घरात आजारी माणूस हाय व्हय? धुराचा वास येतोय. मला तिच्यापाशी ने, अंगारा लावते."

मी म्हणाले, "आजी, वहिनीला बोलावते. मला आत जाववत न्हाय. अंधाराचं भ्या वाटतं."

ती किंचित हसली. "मी जन्माची आंधळी, लेकी. मला घर काय आन् रान काय, समदं सारखंच. तू नुसती वाट सांग. पडू नगं दिऊस मला."

तिनं माझा हात धरला. आता तिला सोडायची कशी? "उंबरा आला, पाय उचला," मी म्हणाले. "हितं जातं हाय, डावीकडनं या. वाकून." तिचा तोल सांभाळता सांभाळता मी आईच्या अंथरुणाशी पोचले, तेव्हाच कळलं की मी आत आले आहे. छाती धडधडत होती, पण मी उभी होते. म्हातारीनं आईच्या कपाळाला अंगारा लावला, माझा हात आईच्या हातात दिला आणि वहिनीच्या आधारानं बाहेर गेली.

आईनं डोळे उघडले. आवाज फार क्षीण होता. "पोरी, त्या दिशी घाई मी केली. वाफ जाऊ दिली न्हाय. तुला तोंड दावायला लाजत व्हते मी."

"आई, हात मी सोडला गं."

"सोडलास म्हणून तू तरी हाईस," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी गोदीसाठी रडलो. इतक्या वर्षांत एकत्र अशा पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आई गेली.

म्हातारीबद्दल मी गावात विचारलं. वेशीपाशी तिला पाहिल्याचं एक-दोघांनी सांगितलं, पण ती कुठली ते कुणाला ठाऊक नव्हतं. जोगवा मागायला शेकडो आराधिणी फिरतात, त्यांतलीच एक असेल. मी वाद घालत नाही. मी हाक मारली आणि ती आली, एवढं मला पुरे आहे.

माझी भीती गेली नाही. आजही मी दाराला कडी लावत नाही. आई माझ्यावर रागावली आहे असं मी समजत राहिले, आणि ती माझ्यापुढे यायला लाजत राहिली. यात आमची जी वर्षं वाया गेली, ती देवीही परत देऊ शकत नाही. पण एक दुपार आणि एक रात्र तिनं दिली. आता मंगळवारी देवळात जाते, सगळ्यांच्या शेवटी गाभाऱ्यात शिरते. अंग थरथरतं. मी त्याला थोपवायला जात नाही. "थरथरतेय, पण आलेय," असं देवीला सांगते आणि कपाळ तिच्या पायांवर टेकवते.