दोर मागून कोणी धरला होता?

मंडळी, मी इथला जुना वाचक. लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसलोय. तुमचे अनुभव वाचताना निम्म्या वेळा माझ्या मनात येतं – झोप अर्धवट झाली असेल, नाहीतर ‘घेतली’ असेल. राग मानू नका, नोकरीनं लावलेली सवय आहे ती. माझी सगळी नोकरी लोक सांगतात त्यातलं खरं किती आणि बनाव किती, हे ओळखण्यात गेली. भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही, असंच मी बायकोला सांगतो.

मी नौदलात होतो, पोलिसांच्या बाजूला. नाविकांना सुट्टी मिळाली की ते जहाज सोडून गावात जातात, त्याला आमच्यात लिबर्टी म्हणतात. आणि ते गावात गेले की त्यांच्या मागोमाग आम्ही. दंडाला पट्टी, हातात काठी, बरोबर एक जोडीदार. कोणी पिऊन पडलाय का, टॅक्सीवाल्याशी भांडतोय का, युनिफॉर्मचं एखादं बटण उघडं आहे का – सगळं बघायचं आणि वेळेत सगळ्यांना परत आत घालायचं. मोठ्या बंदरांत ही ड्यूटी म्हणजे डोक्याला ताप. एकाच्या नाकातून रक्त, दुसऱ्याचं पाकीट गायब, आणि तिसरा रडत सांगतोय की आजी वारली. त्याच आजीला तो आधीच्या बंदरातही पोचवून आलेला असतो!

त्यामानानं लोणावळ्याची बदली म्हणजे आराम. तिथे समुद्र नाही, पण नौदलाच्या पोरांना शिकवायची एक जागा आहे, एवढंच सांगतो. रविवारी दुपारी ही पोरं पांढऱ्या कडक युनिफॉर्ममध्ये बाजारात उतरायची. मोबाईलची कव्हरं घ्यायची, वडापाव हाणायचा, घरी पाठवायला चिक्कीचे पुडे घ्यायचे. आमचं खरं काम पावसाळ्यात. धबधबे, धरणाच्या पायऱ्या, ओढे – पाण्याच्या या सगळ्या जागा त्यांना बंद. पोहता येणाऱ्या माणसाला पाण्याची भीती वाटत नाही, आणि घाटातलं पाणी काही पोहण्याचं नसतं.

तो ऑगस्टमधला रविवार. बाजारात फेरी मारून मी आणि घोरपडे जीपनं औंढे गावाच्या बाजूला निघालो. घोरपडे हा माझा जोडीदार, साताऱ्याकडचा, अंगानं दांडगा आणि तोंडानं फटकळ. धुकं इतकं होतं की भर दुपारी गाड्यांचे दिवे लावलेले. पुढे रस्ता खचला होता म्हणून ड्रायव्हरला जीपपाशी थांबवून आम्ही चालत निघालो.

वळणावर कणसं भाजणाऱ्या एका मावशींची ताडपत्री होती. औंढ्याच्याच त्या. आम्हाला ओळखायच्या. लांबूनच त्यांनी हाक मारली.

“सायेब, त्यो तुमचा पोरगा हाय न्हवं? कवाचा हितंच उबा हाय. कनिस देऊ का म्हनलं, तर बोलंना. निस्ता भिजतोय.”

ताडपत्रीच्या पलीकडे, चिखलात, एक सेलर उभा होता. पांढरा युनिफॉर्म अंगाला चिकटलेला. डोक्यावर टोपी नाही. बाहेर टोपीशिवाय दिसणं म्हणजे आमच्या लेखी गुन्हाच, त्यामुळे मी सवयीनं आवाज चढवला. “ए! टोपी कुठाय?”

त्यानं मान वळवली. मी ओळखला त्याला. रणदिवे. लातूरकडचा, अबोल पोरगा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागे एकदा बुटांना पॉलिश नाही म्हणून माझ्यासमोर उभा राहिला होता, तेव्हाही चकार शब्द बोलला नव्हता.

“खाली आहेत, सर,” तो म्हणाला. “दोघं आहेत.”

“कोण दोघं? कुठं खाली?”

उत्तर न देता तो चालायला लागला. मी पुढे होऊन त्याचा दंड धरला. हे मी मुद्दाम लिहितोय. भिजलेली बाही, आत घट्ट दंड, गार पडलेला. पावसात तासभर उभ्या राहिलेल्या माणसाचा असतो तसा. माझ्या हातात खराखुरा दंड होता. त्यानं हळूच तो सोडवून घेतला आणि शेताच्या बांधावरून उतरायला लागला.

घोरपडे म्हणाला, “साहेब, हा प्यालेला नाही. काहीतरी भानगड आहे. चला.”

आम्ही मागे निघालो. भाताची खाचरं, मग करवंदीच्या जाळ्या, मग खडकाळ उतार. रणदिवे पुढे, धुक्यात पांढरा ठिपका. मी दोनदा हाक मारली, तो थांबला नाही. राग आला होता मला. मग पाण्याचा आवाज यायला लागला, आणि त्या आवाजात माणसाचा ओरडण्याचा आवाज.

वर डोंगरात पाऊस झाला की तिथला ओढा बघता बघता फुगतो. ओढ्याच्या मधोमध आमची दोन पोरं होती. कदम आणि बलविंदर. व्हिडिओ काढायला उतरले होते, हे नंतर कळलं. कदमचा पाय दोन दगडांत अडकलेला, पाणी त्याच्या छातीपर्यंत आलेलं, आणि बलविंदर एका हातानं दगड आणि दुसऱ्या हातानं कदमची कॉलर धरून होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

मोबाईलला रेंज नव्हती. घोरपडे धावत वर गेला. मावशींनी ताडपत्रीचा नायलॉनचा दोर सोडून त्याच्या हातात दिला आणि स्वतः गावाकडे माणसं आणायला पळाल्या. दोराचं एक टोक घोरपडेनं कमरेला बांधलं, मधला दोर मी माझ्या कमरेभोवती घेतला आणि उरलेला मागे सोडला.

“रणदिवे, मागून धर!” मी ओरडलो.

“धरलाय, सर.”

हे मी ऐकलं. पाण्याच्या एवढ्या आवाजात ऐकलं, अगदी पाठीशी.

घोरपडे पाण्यात शिरला. कदमच्या पायाशी बुडी मारून त्यानं दगड हलवायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा... वर येऊन त्यानं श्वास घेतला आणि पुन्हा गेला. पाय सुटला आणि तेवढ्यात तिघंही प्रवाहात आडवे झाले. सगळा भार एकदम दोरावर आला. माझे बूट चिखलात सरकले, मी गुडघ्यावर आलो, पुढे खेचला गेलो. पाणी हातभर राहिलं. मला स्पष्ट आठवतं, मनात आलं की संपलं, आपणही जाणार.

तेव्हा मागून दोर ताणला गेला. झटका बसून नाही. विहिरीतून भरलेली घागर ओढताना सवयीचा माणूस ताणतो तसा, एका लयीत. मला कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज ऐकू येत होता. मी टाच रोवली आणि त्या लयीत ओढायला लागलो. थोडं आम्ही ओढायचो, थोडं थांबायचो. अशी तीन माणसं काठाला आली.

कदम रडत होता. घोरपडे उताणा पडून हसत होता, वेड्यासारखा. मी वळून म्हटलं, “शाब्बास, रणदिवे...”

मागे कुणी नव्हतं. दोराचं टोक चिखलात नुसतं पडलेलं.

एवढ्यात मावशी गावातली माणसं घेऊन आल्या. त्यांच्यातले एक आबा, वय झालेलं पण ताठ, माझ्याकडे बघतच राहिले.

“एकल्यानं वडलं तुमी तिगांस्नी?”

“नाही आबा, आमचा एक पोरगा होता मागे. वर गेला असेल. दिसला का?”

“आमी त्याच वाटंनं आलो की. कुनीबी न्हाई गावलं.”

मला वाटलं, ओढता ओढता त्याचा पाय घसरला आणि गेला पाण्यात. दोघांना वाचवलं आणि तिसरा घालवला. कदम आणि बलविंदरला लोकांनी वर नेलं. आबा, चार गडी आणि मी काठाकाठानं खाली गेलो. प्रत्येक पांढरी वस्तू बघून मी धावत पुढे जायचो. फेस, प्लॅस्टिकची पिशवी, एकदा तर बगळा. मी त्याच्या नावानं ओरडत होतो. गडी काठ्यांनी झुडपं चाळत होते. ओढा पुढे पवनेच्या पाण्याला मिळतो, तिथवर गेला असेल तर काय सापडणार... त्याच्या आईवडिलांना कोणत्या तोंडानं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागलो होतो.

घोरपडे जीपपाशी गेला होता. तिथे रेंज मिळाल्यावर त्यानं मदतीसाठी आमच्या गेटवर फोन लावला, आणि मग धापा टाकत मला शोधत आला. त्याचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.

“साहेब, शोध थांबवा. रणदिवे आत आहे.”

“पोचला? इतक्यात?”

“पोचला नाही हो. तो बाहेर पडलाच नाही. सकाळपासून दवाखान्यात ॲडमिट आहे. तापानं फणफणलाय.”

मी आधी घोरपडेवरच खेकसलो. मग मावशींना विचारलं, पोरगा कसा दिसत होता. त्यांनी सांगितलं – उंच, सावळा, हनुवटीवर खोक. रणदिवेच्या हनुवटीवर खोक आहे.

दिवेलागणीला आम्ही आत पोचलो. मी ओल्या कपड्यांनिशी तसाच दवाखान्यात गेलो. रणदिवे झोपला होता, हाताला सलाईन. तिथल्या अटेंडंटला मी खोदून खोदून विचारलं, पोलिसी पद्धतीनं, तोच प्रश्न फिरवून फिरवून. तो शेवटी वैतागला. म्हणाला, सर, याला बाथरूमला नेतानाही मला धरावं लागतं, हा कुठे जाणार? त्याची टोपी आणि युनिफॉर्म उशाशी घडी करून ठेवलेले होते. कोरडे.

मी त्याचे तळहात उलटून पाहिले. माझ्या आणि घोरपडेच्या हातांची सालं निघाली होती. रणदिवेचे हात स्वच्छ होते, साधा ओरखडासुद्धा नाही. इतकं बरं वाटलं मला, म्हणून सांगू... म्हणजे हा नव्हताच, दुसरा कुणीतरी होता, आम्ही चेहरा ओळखायला चुकलो. पण मग तो दुसरा कोण? लिबर्टीवर गेलेला प्रत्येक जण त्या संध्याकाळी परत आला होता, आणि दुसऱ्या कुणाच्याच हातांवर दोराचा वळ नव्हता.

बलविंदरला विचारलं तर तो शपथेवर म्हणाला की काठावर तुम्ही एकटेच होतात, सर. कदमही तेच म्हणाला. वर, रणदिवेशी आमची बोलचाल नाही, तो कशाला येईल, असंही म्हणाला. आमच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “माने, दोन जीव वाचवलेत. आता आंघोळ करून झोपा.”

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

ताप उतरल्यावर मी रणदिवेला सगळं सांगितलं. वाटलं, पोरगा हसेल, नाहीतर खूश होईल. तो पांढराफटक पडला. म्हणाला, “सर, मी तिथे होतो, तर मग इथे खाटेवर कोण होतं?”

मी म्हटलं, “अरे, तू इथेच होतास. आम्हालाच भास झाला.”

“तुम्ही, घोरपडे सर, त्या मावशी... तिघांना एकच भास?”

त्यानंतर त्यानं लिबर्टी घेणं सोडून दिलं. रविवारी सगळे बाहेर पडले की हा आत बसून राहायचा. आणि संध्याकाळी आमची जीप आली की गेटजवळ उभा असायचा. काहीतरी कामाचं निमित्त काढून जवळ यायचा आणि हळूच विचारायचा, “सर, आज मी कुठे दिसलो नाही ना?”

पहिल्यांदा मी हसलो. नंतर हसू येईना. नंतर नंतर तर गस्त घालताना माझीच नजर धुक्यात त्याला शोधायला लागली. घोरपडेनं तर बदली मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, साहेब, मला पाण्याची भीती वाटत नाही, पण मागे वळून बघायची वाटते.

मग रणदिवेचं प्रशिक्षण संपलं, तो जहाजावर गेला. मी निवृत्त झालो. आता तळेगावात राहतो, जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी बघतो. विषय मागे पडला होता.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. लग्न झालंय, लहान मुलगी आहे. जहाज नुकतंच बंदराला लागलं होतं आणि त्यानं आधी घरी फोन केला होता. बायकोनं विचारलं, तुम्ही मागे एकदा दुपारी आलात आणि न बोलता का गेलात? ती धुणं वाळत घालत होती. हा अंगणात उभा होता, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, डोक्यावर टोपी नाही. घराशेजारी जुनी विहीर आहे, तिच्याकडे बघत होता. ती पाणी आणायला आत गेली, बाहेर येऊन बघते तर कुणी नाही.

“तेव्हा मी भर समुद्रात होतो, सर.”

“मग पुढे?” मी विचारलं. “काही झालं का?”

“काहीच झालं नाही. मी विहिरीकडे बघत असा नाहीसा झालो म्हणून बायको घाबरली, तिनं दुसऱ्याच दिवशी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. सगळे ठीक आहेत. मुलगी चालायला लागलीय.” मग म्हणाला, “सर, जाळी बसवली म्हणून काही झालं नाही, की काही होणारच नव्हतं? हे मला कुणी सांगेल का? ड्यूटीवर असतो तेव्हा मनात सारखं येतं, आत्ता मी कुठे उभा आहे, आणि कुणाला काय दाखवतोय...”

पोलिसी नोकरीत एवढी वर्षं काढली. कोण कुठे आहे, हे सांगणं हेच माझं काम होतं. त्या पोरापुरतं ते मला कधीच जमलं नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की त्या दिवशी तू दोर धरला नसतास, तर आज हा फोन घ्यायला मी नसतो.

मग तो म्हणाला, “पण सर, मी नव्हतो हो धरला.”